महाविद्यालयीन गावात मिश्र वापराचे शहरकेंद्र: आराखडा कोणत्या क्रमाने आखावा

हा लेख नगरपरिषदेचे सदस्य, मुख्याधिकारी, वास्तुविशारद आणि शिक्षणसंस्थांचे विश्वस्त यांच्यासाठी आहे. दुकाने, घरे, वसतिगृहे, अभ्यासिका, कार्यालये आणि बाजार एकाच परिसरात असावेत, हे आता बहुतेकांना मान्य असते. चूक क्रमात होते. आधी जागा ठरते, मग व्यापारी संकुलाचे चित्र फलकावर लागते, मग गाळ्यांचा लिलाव होतो आणि सर्वांत शेवटी माणसे चालणार कुठून हा प्रश्न निघतो. परिणामी वरच्या मजल्यावरचे गाळे वर्षानुवर्षे बंद राहतात आणि खरा व्यवहार संकुलाबाहेर, गटाराच्या कडेला चालू राहतो. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याला लागते.

टप्पा १: गावाची मोजणी दोनदा करा

महाविद्यालयीन गाव म्हणजे एकाच जागेवरची दोन गावे असतात. एक सत्र चालू असतानाचे आणि दुसरे मे महिन्यातले. आराखड्यासाठी मोजणी बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होते, कारण कामाचा आदेश आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी मार्गी लावायचा असतो. नेमके तेव्हाच गाव सर्वांत भरलेले असते. त्या आकड्यांवर गाळे काढले की उन्हाळ्यात दुकानदाराचे भाडे थकते आणि दोन वर्षांत तो गाळा सोडून जातो.

एका तालुक्याच्या गावी मी स्वतः ही चूक केली होती. फेब्रुवारीत महाविद्यालयासमोरच्या गल्लीत उभे राहायला जागा नव्हती, म्हणून अहवालात खानावळी आणि झेरॉक्सच्या दुकानांसाठी भरपूर गाळे सुचवले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी पुन्हा तिथे गेलो, तेव्हा निम्म्याहून अधिक शटर खाली होती. एका मेसच्या ओट्यावर ॲल्युमिनियमची पातेली पालथी रचून दोरीने बांधली होती आणि फळ्यावर खडूने लिहिले होते, ‘१५ जूनपासून सुरू’. शेजारचे औषधाचे दुकान, किराणा आणि केशकर्तनालय मात्र नेहमीसारखे उघडे होते. तेव्हापासून मे महिन्यातली मोजणी झाल्याशिवाय मी गाळ्यांची संख्या लिहीत नाही.

मोजणी पुढीलप्रमाणे करावी. सत्रात एक कामाचा दिवस, एक रविवार आणि आठवडी बाजाराचा दिवस निवडावा. सुट्टीत तेच तीन वार घ्यावेत. प्रत्येक दिवशी सकाळी ७ ते ९, दुपारी १२.३० ते २, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री ९.३० ते १०.३० या वेळांत ठरावीक चार-पाच ठिकाणी उभे राहून पायी जाणारे, सायकली, दुचाकी, रिक्षा आणि वडापच्या (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी) गाड्या वेगवेगळ्या मोजाव्यात. मुली आणि महिलांची संख्या स्वतंत्र रकान्यात लिहावी, कारण रात्रीच्या तासात ती एकदम घटत असेल तर त्या वाटेवर काहीतरी बिघडलेले आहे, हे नकाशाआधी कागदावर दिसते.

याच काळात विद्यार्थी राहतात कुठे, याची यादी करावी. वसतिगृहांचा आकडा संस्थेकडून मिळतो, पण गावातल्या घरांच्या माडीवर कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणारी मुले कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी डबे पोचवणाऱ्या खानावळवाल्यांना विचारावे. कोणत्या गल्लीत किती डबे जातात, हे त्यांना तोंडपाठ असते.

पडताळणी: प्रत्येक प्रकारच्या दुकानापुढे ‘सत्रात’ आणि ‘मे महिन्यात’ असे दोन रकाने भरलेले आहेत का? एक रकाना रिकामा असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नये.

टप्पा २: हद्द, झोन आणि मालकी

शिक्षणसंस्थांना मोठी जागा लागते आणि ती गावाबाहेर मिळते, म्हणून विद्यार्थी एका स्थानिक संस्थेच्या हद्दीत शिकतो, दुसऱ्या हद्दीत राहतो आणि तिसऱ्या हद्दीत खरेदी करतो. कराडकडे पाहा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असलेले विद्यानगर कृष्णेच्या पलीकडे सैदापूरच्या बाजूला आहे, कृष्णा विद्यापीठाचे वैद्यकीय संकुल मलकापुरात असून मलकापूरला स्वतंत्र नगरपरिषद आहे, आणि जुनी बाजारपेठ कराड नगरपरिषदेकडे आहे. अशा ठिकाणी एका नगरपरिषदेने आपल्यापुरते केंद्र आखले तर त्याचे निम्मे ग्राहक दुसऱ्याच्या रस्त्यावरून, दुसऱ्याच्या दिव्याखालून येणार असतात.

म्हणून नकाशाआधी संयुक्त बैठक घ्यावी आणि तिचे इतिवृत्त लेखी ठेवावे. त्यात नगरपरिषद, लगतची ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, शिक्षणसंस्था, एसटीचे आगार आणि व्यापारी संघटना असावी. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात स्टॉर्स येथे कनेटिकट विद्यापीठालगत मिश्र वापराचे केंद्र उभे राहिले, तिथे मॅन्सफिल्ड गाव, विद्यापीठ आणि व्यापारी यांची एकत्रित ना-नफा संस्था २००१ मध्ये झाली आणि पहिल्या इमारती २०१२ मध्ये वापरात आल्या. एवढा काळ टिकेल अशी यंत्रणा आधी हवी, हे त्यातून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे अध्यक्ष बदलले की फाइल कपाटात जाते.

त्यानंतर प्रत्येक भूखंडाची कागदपत्रे गोळा करावीत: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, झोन दाखला आणि मंजूर विकास आराखड्याचा भाग नकाशा. आरक्षित जागेवर विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना (जागा विकत घ्या अशी नोटीस) देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. ‘मंडईसाठी आरक्षित’ असे लिहिलेली जागा प्रत्यक्षात आपल्या हातात उरलीच नाही, हे निविदेनंतर कळणे फार महाग पडते.

दुकानांना परवानगी मिळेल की नाही, हे ३ डिसेंबर २०२० पासून अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार पाहावे लागते. निवासी विभागात किती आणि कोणते व्यापारी वापर चालतील, हे तिथे समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहे. रुंदी डांबराची धरू नये; आराखड्यातील आणि मोजणीतील रुंदी धरावी.

इशारा: संस्थेची जागा शासनाने शैक्षणिक प्रयोजनासाठी दिलेली असेल, तर तिच्या दर्शनी बाजूला दुकाने काढण्यापूर्वी जागा देतानाच्या आदेशातील अटी वाचाव्यात. विश्वस्तांचा ठराव पुरेसा नसतो.

टप्पा ३: पाणी, मैला आणि पूररेषा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून तो सल्लागारावर सोडला जातो. मलनिस्सारण असलेल्या गावात पाण्याची गरज माणशी दररोज १३५ लिटर धरतात. केंद्रात नव्याने १,००० विद्यार्थ्यांची राहण्याची सोय होणार असेल, तर रोज १,३५,००० लिटर पाणी लागेल आणि त्याचा सुमारे ८० टक्के भाग, म्हणजे १,०८,००० लिटर, मैलापाणी होऊन बाहेर पडेल. ते कोणत्या नळीतून कुठे जाणार, याचे उत्तर ‘सध्याच्या गटारात’ असे असेल, तर मजल्यांची संख्या तिथेच कमी करावी. खानावळींच्या सांडपाण्यातील तेल अडवण्यासाठी प्रत्येक स्वयंपाकघराबाहेर वेगळा चेंबर दाखवावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात लाइन तुंबते.

नदीकाठच्या गावात निळी आणि लाल पूररेषा पहिल्याच नकाशावर काढावी. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले आहेत, त्यामुळे ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये. जुन्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजून त्यांची उंची नकाशावर लिहावी.

इशारा: तळघरात अभ्यासिका, वाचनालय किंवा वर्ग कधीही दाखवू नयेत. दिल्लीतील ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ रोजी शिकवणीच्या इमारतीच्या तळघरातील ग्रंथालयात पाणी शिरून ३ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला.

टप्पा ४: आधी चालण्याची वाट, मग इमारत

वसतिगृहाचे दार, महाविद्यालयाचे फाटक, एसटी स्थानक आणि मंडई ही चार ठिकाणे नकाशावर ठेवून माणसे आज ज्या वाटेने चालतात ती वाट रंगवावी. केंद्र त्या वाटेवरच आखावे. मोकळी सरकारी जागा थोडी आत मिळाली म्हणून केंद्र तिथे नेले, तर विद्यार्थी वाट बदलणार नाहीत. त्यांच्याकडे दोन तासिकांच्या मधली दहा मिनिटेच असतात.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर असावी, तर उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. ‘अडथळामुक्त’ या शब्दाकडे दुर्लक्ष होते. कागदावर तीन मीटरचा पदपथ असतो, पण विजेची डीपी, झाडाचे आळे, जाहिरातीचा खांब आणि दुकानाची पायरी वजा केली की माणसाला खांदा तिरका करून जावे लागते. म्हणून या सर्व वस्तूंसाठी कडेला वेगळा पट्टा आखावा आणि चालण्याची रुंदी त्यानंतर मोजावी. दुकानासमोरचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा.

दुचाकींचा हिशेब वेगळा करावा. एका दुचाकीला १ मीटर गुणिले २ मीटर जागा धरली, तर १०० दुचाकींना २०० चौरस मीटर लागतात, आणि आत-बाहेर काढण्याची वाट त्याहून निराळी. वाहनतळ पदपथाशी जोडून, पण दुकानांच्या तोंडाशी न येईल असा बाजूला असावा.

पडताळणी: जागेवर चुन्याने पदपथाची रेष मारावी आणि दोन मुलींना पाठीवर दप्तर, हातात डबा घेऊन शेजारी-शेजारी चालायला सांगावे. समोरून तिसरी व्यक्ती आल्यावर कोणाला रस्त्यावर उतरावे लागले, तर रुंदी कमी आहे.

टप्पा ५: तळमजला

पहिल्या टप्प्यातील दोन रकाने आता कामाला येतात. मे महिन्यातही चालणारे वापर, म्हणजे औषधे, किराणा, बँक, टपाल, दवाखाना, नगर वाचनालय, नागरी सुविधा केंद्र, हे कोपऱ्यांवर आणि चौकात ठेवावेत, आणि सत्रातच चालणारे झेरॉक्स, खानावळ, स्टेशनरी यांना त्यांच्या मधल्या जागा द्याव्यात. असे केल्याने सुट्टीतही सलग बंद शटरांची रांग तयार होत नाही. हंगामी वापरांचे गाळे एकूण गाळ्यांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावेत, हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे. आपल्या गावाच्या मोजणीने तो वर-खाली करावा.

गाळ्यांचे आकार एकसारखे ठेवणे ही सर्वांत पसरलेली चूक आहे. झेरॉक्सवाल्याला १० फूट बाय १० फूट पुरते. खानावळीला मागे स्वयंपाकघर, धुण्याची जागा आणि छतापर्यंत जाणारी धुराची नळी लागते. ही नळी नंतर बसवली की ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीसमोरून जाते आणि तिथला रहिवासी सहा महिन्यांत तक्रार घेऊन येतो.

लिलावातील अनामतीची रक्कमही आराखड्याचाच भाग समजावी. न परतणारी मोठी अनामत घेतली की गाळे पैसेवाल्यांकडे जातात, ते पोटभाड्याने देतात आणि गावात वीस वर्षे चहा विकणारा बाहेरच राहतो. अनामत कमी, मासिक भाडे वाजवी, पोटभाडे वर्ज्य आणि सत्रकाळात गाळा सलग बंद ठेवल्यास तो परत घेण्याची अट, अशी रचना नगरपरिषदेला दीर्घकाळ अधिक फायद्याची ठरते.

आणखी एक बंधन लक्षात ठेवावे: शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने मनाई आहे. पानटपरीचा गाळा दाखवण्यापूर्वी अंतर मोजावे.

टप्पा ६: वरचे मजले

वरच्या मजल्यांवर फक्त वसतिगृह ठेवू नये आणि फक्त गाळे तर मुळीच ठेवू नयेत. ग्राहक जिना चढत नाही, हे गावोगावच्या संकुलांनी दाखवून दिले आहे. पहिल्या मजल्यावर अभ्यासिका, शिकवणी वर्ग, वकील, डॉक्टर आणि कार्यालये ठेवावीत, त्यावर कुटुंबांची आणि प्राध्यापकांची घरे असावीत आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी वेगळा भाग, वेगळा जिना व वेगळे वीजमीटर असावे. कुटुंबे राहत असली की सुट्टीतही खिडक्यांत दिवे असतात, आणि रात्री दहाला अभ्यासिकेतून परतणाऱ्या मुलीला त्या दिव्यांचा फार मोठा आधार वाटतो.

खोल्या भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार बंधनकारक आहे. नगरपरिषदेच्या इमारतीतच कॉट बेसिसचा तोंडी व्यवहार सुरू झाला, तर एका खोलीत किती मुले राहतात यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही.

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. गणेशोत्सवाचे आणि सभांचे व्यासपीठ कुठे उभे राहील, हे चौकाच्या आराखड्यातच ठरवून ते अभ्यासिकेच्या खिडक्यांपासून दूर ठेवावे.

इशारा: सुरतच्या तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ रोजी लागलेल्या आगीत वरच्या मजल्यावरच्या शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी दगावले. वर्ग किंवा अभ्यासिका असलेल्या प्रत्येक मजल्याला दोन स्वतंत्र जिने असावेत, त्यांपैकी एकही दुकानाच्या आतून जाऊ नये, आणि गच्चीवर ज्वलनशील पत्र्याचा वर्ग वाढवण्यास सुरुवातीपासूनच नकार द्यावा.

टप्पा ७: पथविक्रेते आणि आठवडी बाजार

हा टप्पा बहुतेक आराखड्यांत नसतोच. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. म्हणजे ‘आधी अतिक्रमण काढू, मग काम सुरू करू’ हा क्रम कायद्यातही बसत नाही.

वडापाव, चहा, भेळ, उसाचा रस आणि रात्रीच्या अंडाबुर्जीच्या गाड्यांसाठी दाराजवळच, पदपथाच्या बाहेरच्या पट्ट्यात आखलेल्या जागा द्याव्यात आणि तिथे नळ, सांडपाण्याची जाळी, कचऱ्याचा डबा व दिवा या चार गोष्टी आधी पोचवाव्यात. मागच्या मैदानात हलवलेला गाडीवाला पंधरा दिवसांत पुढे परत येतो, कारण त्याचे गिऱ्हाईक पुढेच असते. आठवडी बाजाराच्या दिवशी वाहनतळाची जागा बाजाराला देता येईल अशी सपाट आणि पाणी न साचणारी ठेवावी.

टप्पा ८: हरकती आणि मंजुरी

मंजूर विकास आराखड्यात बदल लागत असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना सुट्टीत काढू नये. विद्यार्थी, वसतिगृहांचे अधीक्षक आणि खोल्या देणारे घरमालक यांपैकी निम्मे लोक तेव्हा गावात नसतात. नकाशा नगरपरिषदेच्या फलकावर लावण्याबरोबरच महाविद्यालयाच्या फाटकाशी आणि एसटी स्थानकातही लावावा, आणि त्यावर मीटरबरोबर ओळखीच्या खुणा, म्हणजे पिंपळाचा पार, जुना नाका, मारुतीचे देऊळ, लिहाव्यात. सामान्य माणसाला सर्व्हे क्रमांकावरून जागा कळत नाही.

टप्पा ९: बांधकामाचा क्रम

खोदाई लागणारी सर्व कामे, म्हणजे मलवाहिनी, पाण्याची नळी, वीज आणि केबलची नाली, दिवाळीच्या सुट्टीत आणि एप्रिल-मे मध्ये करावीत. त्यानंतर पदपथ आणि दिवे, त्यानंतर पथविक्रेत्यांच्या जागा आणि वाहनतळ, आणि सर्वांत शेवटी इमारत. इमारतीचाही पहिला भाग लहान असावा: चौकातला कोपरा, वाचनालय, दहा-बारा गाळे आणि वरची घरे. पेव्हिंग ब्लॉक बसवल्यावर पुन्हा खोदायला येणाऱ्या प्रत्येक विभागाकडून आधीच लेखी ना हरकत घ्यावी.

पहिला भाग जूनमध्ये, प्रवेशांच्या आधी सुरू करावा, म्हणजे नवे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून तीच वाट धरतात. मग पहिल्या टप्प्यात जिथे उभे राहून मोजले होते, त्याच ठिकाणी, त्याच वेळांत एकदा सप्टेंबरमध्ये आणि एकदा पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजावे. या दोन्ही मोजण्यांचे तक्ते सभेपुढे ठेवल्याशिवाय दुसऱ्या भागाची निविदा काढू नये.